नदीच्या वाटेवरची इंग्रजी

फोन आला तेव्हा मी सिंदेवाहीत धानाच्या बियाण्यासाठी रांगेत उभा होतो. अनोळखी नंबर होता. पलीकडचा आवाज तरुण आणि अवघडलेला. "निकुरे सर बोलतात का? मी नागभीडवरून सलीम. हनीफ सरांचा पुतण्या. चाचा गेले सर... परवाच मिट्टी झाली." मी रांगेतून बाजूला झालो. उगाच विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला? तो म्हणाला, "चाचांच्या डायरीत होता. जास्त नंबर नाहीच त्यात. घरचे, डॉक्टर, पेन्शनच्या ऑफिसवाले... आणि तुमचा. तुमच्या नावापुढं इंग्रजीत फ्रेंड लिहिलेलं आहे, म्हणून म्हटलं तुम्हाले सांगितलंच पाहिजे."

माझा नंबर त्यांच्यापर्यंत कसा पोचला, कोणी दिला, देव जाणे. एवढ्या वर्षांत त्यांनी तो एकदाही लावला नव्हता. मीही त्यांचा शोधला नव्हता. आणि तो एक शब्द ऐकून मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, आधी शरम वाटली. ती का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. हनीफ सरांबद्दल चांगलं लिहिणारे दुसरे कोणी नाहीत म्हणून मी लिहितो आहे; मला तो हक्क आहे म्हणून नव्हे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याच्या पुढे, नदीच्या अलीकडे एका गावात आमची हायस्कूलची शाळा होती. टिनाच्या छपराच्या चार खोल्या. पाऊस जोरात आला की शिकवणं बंद, कारण छपरावरच्या आवाजात मास्तरचं तोंड हलताना दिसायचं, ऐकू काही येत नसे. फळा दर वर्षी पोरंच जुन्या सेलमधली काजळी आणि पाला घासून काळा करत. मी मराठी आणि इतिहास शिकवायचो. इंग्रजीला तीन वर्षं मास्तरच नव्हता. विज्ञानाचे सर धड्याचा मराठी अर्थ सांगून मोकळे होत. अशा शाळेत हनीफ सर आले. नागभीडचे. घरी वडील आणि भाऊ टिनाच्या पेट्या, ट्रंका बनवायचे. त्या ठोकाठोकीत बसून या माणसानं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं, पुढं बी.एड. केलं होतं. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा एकच पांढरा शर्ट, तो रोज संध्याकाळी धुवायचा. गावात भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली होती, तिथं मी राहायचो. हेडसर म्हणाले, "दोघं राहा." तसे आम्ही तीन वर्षं राहिलो.

पहिल्या दिवशी ते आठवीच्या वर्गात गेले आणि सरळ इंग्रजीत बोलायला लागले. मी शेजारच्या खोलीत होतो, मधली भिंत छपरापर्यंत पोचलेलीच नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. पाच मिनिटं ते बोलले. पोरं आधी गप्प, मग एकजण हसला, मग सगळा वर्ग हसत सुटला. त्या वर्गात एका बाकावर चार पोरं बसली तर चौघांच्या घरी चार भाषा असत. कोणी बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातला, कोणाच्या घरी गोंडी, कोणाकडं तेलुगू, आणि उरलेले आमच्यासारखे झाडीबोली बोलणारे. शाळेतली मराठीच त्यांना परकी होती. हसणं थांबल्यावर हनीफ सरांनी मराठीत विचारलं, हसायला काय झालं? तेव्हा शेवंता नावाची एका ढिवराची, मासेमाराची मुलगी उठून उभी राहिली. तिनं उद्धटपणे नाही, अगदी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "सर, हे बोलाचं कोनासंग जी?"

संध्याकाळी खोलीवर ते मला हे हसत हसत सांगत होते. मग हसू ओसरलं. स्टोव्हवर चहा ठेवला होता तो उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "निकुरेभाऊ," ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. मी तरी कोणाशी बोलतो?"

हे खरंच होतं. त्या माणसाला इंग्रजीचं प्रेम होतं, आणि शंभर मैलांत ती बोलायला एक माणूस नव्हता. मग त्यांनी सवय लावून घेतली. शाळा सुटली की नदीच्या वाटेनं चालत जायचं आणि स्वतःशी मोठ्यानं इंग्रजी बोलायचं. आज काय झालं, काय खाल्लं, कोणती झाडं दिसली, सगळं. गुरं घेऊन परतणारी माणसं थांबून बघत. "इंग्रजीचा मास्तर एकटाच बोलते," अशी गावात चर्चा. सुरुवातीला मी त्यांच्यासोबत जायचो. एकदा वाटेत थांबून ते मला म्हणाले, "माझं एक काम करा. रोज दहा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत बोला. चुका, काही हरकत नाही. मीही चुकतो. पण समोरून उत्तर आलं पाहिजे हो... नाहीतर भाषा मरते माणसाच्या आत." मी चार दिवस बोललो. पाचव्या दिवशी एका वाक्यात अडकलो, मागून येणारी दोन पोरं खुदकन हसली, आणि मी म्हणालो, सर, मला नाही जमत. ते म्हणाले, "बरं." त्यानंतर ते इंग्रजीत बोलायचे आणि मी मराठीत उत्तर द्यायचो. पुढं मी जाणंच सोडलं.

वर्गात त्यांनी काय काय केलं ते पाहणारा मी एकटाच साक्षीदार आहे. पुस्तकं दिवाळीनंतर यायची, तीही दोघांत एक. धानाच्या रोवणीत आणि कापणीत वर्ग अर्धा रिकामा. मोहाची फुलं पडायला लागली की परीक्षा तोंडावर असूनही पोरं पहाटे ती वेचायला जंगलात, आणि नंतर वर्गात बसल्या जागी पेंगणार. कोणाला रागवावं? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी शब्दांचे तक्ते काढले, ते वाळवीनं खाल्ले. एकदा रेडिओ आणून इंग्रजी बातम्या लावल्या, खरखरीपलीकडे काही ऐकू आलं नाही आणि दोन पोरं झोपली. मग त्यांनी सांगितलं, ज्यावर इंग्रजी लिहिलं आहे अशी घरातली कोणतीही वस्तू आणा. पोरांनी साबणाची वेष्टनं आणली, खताच्या रिकाम्या पोत्याचे तुकडे, गोळ्यांच्या पट्ट्या, टॉर्चचे सेल. एकानं तर आजोबाच्या चष्म्याची डबी आणली. पंधरा दिवस वर्गात खरंच गंमत होती. मी भिंतीपलीकडून ऐकायचो, पोरं ओरडून वाचायची. मग तेही शिळं झालं. पोरं रिकाम्या हातानं यायला लागली, आणि हेडसरांनी विचारलं, "हनीफ सर, सिलॅबस कधी होणार?"

वर्गाबाहेर येताना त्यांचा चेहरा मी पाहायचो. थकलेला नसायचा, त्याहून वाईट... कोणीच घरी नाही अशा दारावर बराच वेळ थापा मारून परतलेल्या माणसाचा असतो तसा.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. दहावीचं केंद्र आमच्याच शाळेत असायचं. तेव्हा त्या भागात काय चालायचं ते चालायचं. पेपर सुरू झाला की एक प्रश्नपत्रिका ऑफिसात यायची, त्या विषयाच्या सरांनी उत्तरं लिहून द्यायची, आणि ती कार्बननं उतरवून खोल्यांत जायची. मराठीची मी लिहून दिली आहेत. हे मी आज पहिल्यांदाच कुठं लिहितो आहे. पहिली दोन वर्षं इंग्रजीची हनीफ सरांनीही लिहिली. निकाल उत्तम लागला. संस्थेच्या सचिवांनी त्यांना हार घातला. तो हार त्यांनी खोलीवर येऊन खुंटीला अडकवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसून राहिले. म्हणाले, "एकालाही स्वतःचं नाव स्पेलिंगसकट लिहिता येत नाही, निकुरेभाऊ. आणि माझ्या गळ्यात हार."

तिसरं वर्ष शेवंताच्या वर्गाचं होतं. इंग्रजीच्या पेपरला प्रश्नपत्रिका ऑफिसात आली. हेडसरांनी कोरे कागद पुढं सरकवले. हनीफ सरांनी खिशातला पेन काढला, टोपण लावलेलंच होतं, तो टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाले, "मी नाही लिहिणार सर. यंदा मला बघायचंय की मी त्यांना काही शिकवलं की नाही." आधी हेडसर हसले. मग समजावलं, मग आवाज चढला. शेवटी ते माझ्याकडं वळले, "निकुरे, तुम्ही लिहा." मी मान हलवली, मला येत नाही म्हणून. लोक नंतर म्हणाले, निकुरे सरांनीही साथ दिली. ते खोटं आहे. मला आलं असतं तर मी लिहून दिली असती.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, आणि इंग्रजीत जवळजवळ अख्खा वर्ग नापास. शेवंता थोडक्यासाठी राहिली. तिला नर्सचं शिकायचं होतं, मूल गावच्या तिच्या मामानं चौकशीही करून ठेवली होती. ते सगळं थांबलं आणि घरात स्थळांची भाषा सुरू झाली. गाव शाळेवर आलं. सचिवांनी सगळ्यांसमोर हनीफ सरांना विचारलं, बाहेरून येऊन आमच्या पोरांचं वाटोळं करायला सांगितलं होतं का तुम्हाला? "बाहेरून" या शब्दावर त्यांनी दिलेला जोर सगळ्यांना कळला. हनीफ सर उभेच होते. पण मला आठवतो तो शेवंताचा बाप. तो मागं उभा होता, जाळं खांद्यावर, पाण्यातून थेट आलेला. गर्दी पांगल्यावर तो पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी खरं केलं आसन. पन खऱ्याची सुरुवात आमच्याच पोरीपासून काऊन केली जी?"

 

त्यानंतर गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. डबा देणाऱ्या बाईनं डबा बंद केला. शिक्षकांच्या खोलीत ते आले की बोलणं थांबायचं. माझं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं, नोकरीची मान्यता अडकलेली होती, आणि हेडसरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "खोली बदला. तुमच्याच भल्याचं सांगतो." मी बदलली. पेटी उचलत होतो तेव्हा ते स्टोव्हला पिन मारत बसले होते. वर न बघता विचारलं, "तुम्हालाही वाटतं का, मी चुकलो?" मी म्हणालो, "सर, आता त्यावर बोलून काय होणार..." त्यांनी मान हलवली आणि उठून माझ्या पेटीचं दुसरं कडं धरलं. नव्या खोलीपर्यंत ती आम्ही दोघांनी उचलून नेली.

पण ते गप्प बसले नव्हते. शाळा सुटली की आता ते नदीकडं चालत नव्हते, सायकलनं ढिवरांच्या टोल्यावर, त्यांच्या वस्तीत जात होते. शेवंताला पुन्हा परीक्षेला बसवायचं म्हणून. हे मला पुढं तिच्या बापानंच सांगितलं. त्यानं आधी दारातूनच परत पाठवलं. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बसा अंगनात. मी इथीच बसून जाळं विनतो." शेवंताची आई चुलीपाशी, बाप जाळं विणतोय, आणि मधे सर आणि पुस्तक. शेवंता यायची, बसायची आणि पुस्तकाकडं बघायची नाही. "मले नाई पाह्यजे इंग्रजी," एवढंच बोलायची. सात-आठ दिवस असंच गेलं. मास्तर यायचा, तासभर बसायचा, जायचा. गाव हसायचं.

मग एक दिवस त्यांनी पुस्तक आणलंच नाही. बापाला विचारलं, आज काय काय मिळालं? बाप टोपलीतले मासे दाखवत नावं सांगू लागला. मरळ, वाम, झिंगे... सर एकेक नाव वहीत इंग्रजी अक्षरांत लिहीत गेले आणि मोठ्यानं वाचत गेले. मरळ त्यांनी अशी काही लिहिली की वाचताना "मारल" झालं. शेवंता इतका वेळ जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत होती. ती एकदम म्हणाली, "हे तं मारल झालं. कोनं मारलं?" बाप हसला. सर म्हणाले, मग कशी लिहू? त्यावर तिनं त्यांच्या हातातला पेन घेतला. बाप मला सांगत होता, "दोन खेप खोडलं जी तिनं, मंग बरोबर लिवलं. मास्तरच्या डोऱ्यात पानी आलं. मी मनलं, एवढ्यासाठी काऊन रडते हा मानूस?"

ते मुद्दाम चुकले होते की खरंच, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं आमच्यात तेव्हा काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबरला शेवंता पुन्हा नापास झाली. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा लेखांत पोरं लगेच पास होतात. सरांनी सायकल थांबवली नाही. पुढच्या मार्चमध्ये ती पास झाली, अगदी काठावर. शाळेत पेढे वाटले गेले नाहीत. हेडसरांनी यादीत नाव बघितलं आणि पान उलटलं. तिच्या वर्गातली बाकीची पोरं पुन्हा बसलीच नाहीत, शेतात आणि मजुरीला लागली. त्यांच्या अंगणात सर जाऊ शकले नव्हते. एक माणूस किती अंगणांत जाणार?

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, सिंदेवाहीच्या बाजूला, संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत. सकाळच्या बसला सोडायला कोणी येईल अशी अपेक्षा नव्हती. हनीफ सर आले. पत्नीला नमस्कार केला, सामान वर चढवायला मदत केली. बस निघताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पत्र लिहा निकुरेभाऊ. कोणत्याही भाषेत लिहा." मी हो म्हणालो. ईदला त्यांचं एक कार्ड आलं. मी उत्तर लिहायला घेतलं होतं, पण जे लिहायला हवं होतं ते लिहिता येईना आणि बाकीचं लिहायची लाज वाटली. ते कार्ड कुठं गेलं तेही आता सांगता येत नाही.

शेवंता मला एकदाच भेटली. माझ्या बदलीला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा, गडचिरोलीच्या बस स्टँडवर. पांढऱ्या साडीत, खांद्याला लसींचा डबा. तिनंच ओळखलं, वाकून नमस्कार केला. आरोग्य उपकेंद्रात होती, आत भामरागडच्या बाजूला. मी म्हटलं, आता तर इंग्रजी फाडफाड बोलत असशील. ती हसली. "काहाची जी... सारी विसरली. औषधाचं नाव वाचता येते, तारीख वाचता येते. तेवढं पुरते." मग तिनं विचारलं, "हनीफ सर कुठी राहते जी आता? मी शाळेत गेली होती, तं सोडून गेले मनले." मला माहीत नव्हतं. त्यांनी शाळा सोडल्याचंही मला तिच्याकडूनच कळलं. तिला वाटलं होतं, मला तरी ठाऊक असेल. आम्ही एका खोलीत राहायचो हे पोरांना माहीत होतं ना...

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकून झाल्यावर मी नागभीडला गेलो. सिंदेवाहीहून गाडीनं जेमतेम तासाचा रस्ता. दुसऱ्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ते एवढं जवळ राहत होते, आणि मला जायला त्यांचं मरण लागलं. सलीमनं खाली पेट्यांचं काम थांबवून मला वरची खोली दाखवली. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. पलंग, टेबल, दोरीवर एक पांढरा शर्ट. सलीम म्हणाला, कोणाची शिकवणी घेत नव्हते, कोणाकडं जात नव्हते. आजारी पडले तेव्हाही फार बोलले नाहीत. मी विचारलं, मग दिवसभर करायचे काय? तो जरा हसला. "संध्याकाळी स्टेशनवर जायचे. रोज. कुठं जायचं नसायचं, नुसते जाऊन बसायचे."

परतीच्या गाडीला सलीम मला सोडायला आला. त्यानं मला प्लॅटफॉर्मच्या टोकाकडं नेलं, पिंपळाखाली सिमेंटचा एक बाक होता. "इथं बसायचे," तो म्हणाला. "इथं भोंगा आहे ना वर, आवाज साफ येते. गाडीचं आधी मराठीत सांगतात, मग हिंदीत, मग इंग्रजीत. इंग्रजीतलं झालं की चाचा तिला उत्तर द्यायचे. त्या रेकॉर्डवाल्या बाईला. लोक हसायचे, पण त्यांना काही नसायचं त्याचं. मी एकदा विचारलं, चाचा, तिला काय म्हणता? तर म्हणाले, थँक यू म्हणतो, गाडीला उशीर आहे हे तिनं इतकं नीट सांगितलं म्हणून."

तो चहा आणायला गेला. मी बाकावर बसलो, एका कडेला, जागा सोडून. प्लॅटफॉर्मवर फारसं कोणी नव्हतं. दोन बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, रुळांपलीकडं धानाच्या बांध्यांत चिखलणी चालली होती. भोंगा खरखरला. आधी मराठी झालं, चंद्रपूरकडं जाणारी पॅसेंजर वीस मिनिटं उशिरानं. मग हिंदी. मग तिचा तोच आवाज इंग्रजीत बोलू लागला, एकेक शब्द सुटा, कोणालातरी शिकवत असल्यासारखा. बोलणं संपलं आणि भोंगा बंद व्हायच्या आधी थोडी शांतता राहिली, समोरच्यानं आता काही बोलावं एवढी.

मी दोन्ही बाजूंना बघितलं. मग म्हणालो, "थँक यू, मॅडम." आवाज इतका लहान निघाला की टोपलीवाल्या बायांनीही मान वळवली नाही. गाडी यायला अजून वेळ होता.